टिळकांचा अखेरचा उद्योग

हिवरखेड, तेल्हारा, अकोट या बाजूच्या ज्या ख्रिस्ती घरी गायनाचे पुस्तक आहे, त्या घरी कै. रेव्ह. नारायण वामन टिळक हे नाव निराळे सांगावयास नको. शंभरांहून अधिक गायने त्यांनी मंडळीस दिली, आणि त्यांपैकी एकही न गाता उपासना संपली असे क्वचितच घडत असेल. परंतु टिळक केवळ गायने रचून गेले नाहीत. मंडळी कशाने सुकते व कशाने पुन्हा पालवते, हा प्रश्न त्यांच्या जिवास लागला होता, आणि आयुष्याची अखेरची दोन वर्षे त्यांनी त्याच्याच पायी वेचली. त्या दोन वर्षांविषयी आमच्या मंडळ्यांतून फारसे बोलणे होत नाही. म्हणून हे चरित्र पुन्हा सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रश्न आजही जुना झालेला नाही. ज्या इंग्लंडातून एके काळी मिशनरी जगभर गेले, त्या इंग्लंड व वेल्समध्ये २०२१ च्या शिरगणतीत स्वतःस ख्रिस्ती म्हणविणारे शेकडा ४६.२ भरले, दहा वर्षांपूर्वी ते ५९.३ होते. तेथील कित्येक मंदिरे विकली गेली. आपल्या महाराष्ट्रात २०११ च्या शिरगणतीप्रमाणे ख्रिस्ती लोक शंभरांत एकही पुरते नाहीत. खेड्यातील तरुण शिक्षणास व नोकरीस अकोला, नागपूर, पुणे गाठतात आणि लहान मंडळीत रविवारी पाळक व चार म्हातारी माणसे एवढीच उरतात, हे वाचकांस आम्ही सांगावे असे नाही.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यात करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. आई लवकर वारली. मुलगा घर सोडून नाशकास गेला व तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत शिकला. पुढे शिक्षकी, व्याख्याने, कवित्व असे नाना उद्योग करीत ते गावोगाव हिंडले. एका ठिकाणी पाय ठरणे हा त्यांचा स्वभावच नव्हता. नागपुरास काही काळ त्यांनी जुन्या संस्कृत ग्रंथांचे काम केले. तेथून १८९३ साली राजनांदगावास जात असता आगगाडीच्या डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटला. त्याने सौजन्याने गोष्टी केल्या आणि उतरण्यापूर्वी नव्या कराराची एक प्रत हाती दिली. टिळकांनी ती आधी केवळ शब्द पाळावा म्हणून वाचावयास घेतली. पण डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर पुस्तक खाली ठेववेना. तुकोबांच्या अभंगांनी आपले मन आधीच नांगरून ठेविले होते, असे ते पुढे मानीत.

१८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला, तोही त्यांच्या इच्छेप्रमाणे देशी पाळकाच्या हातून. ही गोष्ट लहान वाटेल. आम्हांस ती फार अर्थपूर्ण वाटते. या पावलाची किंमत घरच्यांनी भरली. पत्नी लक्ष्मीबाई लहान मुलास घेऊन जवळजवळ पाच वर्षे दूर राहिल्या. पुढे त्या आल्या तेव्हाही आरंभी त्यांनी आपले सोवळे सांभाळले. मग हळूहळू मन वळले आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

टिळक अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनच्या कामात राहिले. तेथे त्यांनी उपदेशकांना शिकविले, १९०४ साली त्यांची पाळकाची दीक्षा झाली, १९१२ पासून ते 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचे संपादक होते. बालकवी ठोमरे यांच्यासारखा तरुण कवी त्यांच्या घरी राहून गेला. पण या सर्व काळात एक शल्य त्यांना टोचत होते. ख्रिस्ताचे नाव घेणारा मनुष्य आपल्याच गावात परका का दिसावा? त्याची पुष्कळशी गायने इंग्रजीवरून केलेली, चाली इंग्रजी, उपासनेची रीत परदेशची, आणि शेजाऱ्यास ते सारे साहेबाच्या घरचे वाटे. म्हणून त्यांनी अभंग, ओवी, भजन, कीर्तन यांस मंदिरात आणले. यात केवढे बळ आहे हे वऱ्हाडास समजावून सांगणे नको. गाडगे महाराजांच्या कीर्तनास माणसे रात्र रात्र बसत, तो हाच प्रांत.

मिशनरी मंडळींचे ऋण टिळक मानीत, त्यांच्यात त्यांचे जिवलग स्नेहीही होते. परंतु साहेबाने धनी होऊन नव्हे, भाऊ होऊन राहावे, आणि देशी बांधवाने पगाराकडे डोळे लावून सेवा करू नये, हे ते स्पष्ट बोलत. बोलणे सोपे असते. त्यांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली, संन्यास पत्करला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारला.

हा दरबार म्हणजे नवे मिशन नव्हे की नवा पंथ नव्हे. ख्रिस्तास गुरू मानून त्याच्यामागे चालू इच्छिणाऱ्या सर्वांची ती बंधुमंडळी होती, बाप्तिस्मा झालेल्यांची आणि न झालेल्यांचीही. येथेच पुष्कळांस ठेच लागली. बाप्तिस्म्याचे मोल उतरेल, मंडळीची कुंपणे मोडतील, अशी भीती अनेकांनी घेतली. ती अगदीच निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. शिस्तीवाचून, एका माणसाच्या तेजावर उभी राहिलेली संस्था त्या माणसाबरोबरच मावळते, आणि येथे तेच झाले. ९ मे १९१९ रोजी मुंबईस टिळक वारले. दरबार दोन वर्षांचाही झाला नव्हता, तो मागे फार टिकला नाही.

तरी हा प्रयोग फसला असे म्हणून पुस्तक मिटविण्यास आम्ही तयार नाही. नाताळास मंदिराच्या दारात येऊन उभा राहणारा, गायन ऐकणारा, आजाऱ्याकरिता प्रार्थना मागणारा, पण बाप्तिस्म्याचे नाव काढताच गप्प होणारा शेजारी आजही प्रत्येक गावी आहे. त्याला आपण कोठे बसवितो? ओट्यावर की आत? टिळकांनी त्याला आत घेतले, आणि त्याच्याजवळ बसून त्याच्याच भाषेत देवाचे नाव गाइले. नगरास १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ स्थापणारे विन्सलो यांनी टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले. मराठी वेषातील ख्रिस्ती आश्रमाची वाट ते चालू लागले ती टिळकांच्या मागोमाग.

टिळकांच्या मृत्यूसमयी 'ख्रिस्तायन' हे त्यांचे प्रभुचरित्राचे काव्य अपुरे पडले होते. थोडेच अध्याय झाले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, एके काळी ख्रिस्ती माणसाच्या हातचे पाणी न घेणाऱ्या लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले आणि पुढे साठांहून अधिक अध्याय रचिले. १९३६ साली त्याही गेल्या. ग्रंथ १९३८ साली छापून निघाला.