गोठित रेतमात्रा शेतकऱ्याच्या दारी नेणारे मणिभाई देसाई

जयपूरनजीक बस्सी येथे राजस्थानातील गोठित वीर्य केंद्र आहे. अशा केंद्रांत जातिवंत नरांचे वीर्य उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप नत्रात साठवून गावोगावी पाठवले जाते. हे तंत्र अल्पभूधारकाच्या गोठ्यापर्यंत पोहोचवण्यात उरुळी कांचनचे मणिभाई देसाई अग्रणी होते.

मणिभाईंचा जन्म २७ एप्रिल १९२० रोजी सुरत जिल्ह्यातील कोसमाडा या गावी झाला. १९४२ च्या चले जाव चळवळीत त्यांनी भाग घेतला. १९४६ मध्ये महात्मा गांधींनी पुणे जिल्ह्यातील उरुळी कांचन येथे निसर्गोपचार आश्रम सुरू केला आणि मणिभाई तेथेच कायमचे राहिले. आजन्म ग्रामसेवेचे व्रत घेऊन त्यांनी शेती, शिक्षण आणि गीर गायींचे संगोपन यांत स्वतःला वाहून घेतले.

इंग्लंडमध्ये १९४९ साली ग्लिसरॉलच्या साहाय्याने वीर्य गोठवण्याचा मार्ग सापडला होता. त्याचे मोल मणिभाईंनी ओळखले. जातिवंत वळू पाळणे गरीब शेतकऱ्याला परवडत नाही. रेतमात्रा मात्र नत्रपात्रातून त्याच्या दारी नेता येते. १९६७ मध्ये त्यांनी बायफ या संस्थेची स्थापना केली. जर्सी आणि होल्स्टिन वळूंच्या गोठित वीर्यातून गावठी गायींचा संकर घडवून दुग्धव्यवसायाला चालना देण्यात आली. १९६८ मध्ये पद्मश्री आणि १९८२ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्काराने त्यांना गौरवण्यात आले. १४ नोव्हेंबर १९९३ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात बायफने गरिबाची गाय समजल्या जाणाऱ्या शेळीकडेही लक्ष वळवले. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातील शेळीपालकांमध्ये संस्थेने काम केले. मात्र बोकडाचे वीर्य गोठवणे वळूच्या वीर्याइतके सोपे नाही. ते गोठवताना संरक्षणासाठी अंड्याचा बलक वापरला जातो. बोकडाच्या एका ग्रंथीतून वीर्यात येणारे विकर बलकावर क्रिया करते आणि त्यातून शुक्राणूंना घातक द्रव्ये तयार होतात. ए. रॉय यांनी १९५७ मध्ये या विकराविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. त्यामुळे शुक्राणू आधी धुऊन घेणे, बलकाचे प्रमाण घटवणे अथवा त्याऐवजी सोयाबीनमधील लेसिथिन वापरणे, असे उपाय योजले जातात. शेळीच्या गर्भाशयाचे मुख अरुंद असल्याने रेतनासही कसब लागते.

तीन-चार शेळ्यांवर संसार चालवणाऱ्या कुटुंबाला सिरोही किंवा उस्मानाबादी जातीचा उत्तम बोकड पाळणे परवडत नाही. मिळेल त्या बोकडाकडून शेळ्या फळवल्या की कळपात जवळच्या नात्यातील संकर वाढतो आणि करडे दुबळी निपजतात. गायीच्या बाबतीत मणिभाईंनी जे साध्य केले, ते शेळीच्या बाबतीत घडवून आणण्याचे कार्य अद्याप अपुरे आहे.