हर्मन हॉलरिथ : खानेसुमारीचें यंत्र करणारा इंजिनियर

मोठ्या ढिगांतून हवी ती वस्तु शोधून काढणें आणि हातीं आलेली वस्तु कोणत्या जातीची आहे हें चटकन् ओळखणें, हीं दोन कामें दिसावयास क्षुल्लक वाटतात. परंतु ढीग वाढत चालला म्हणजे याच दोन कामांपुढें मोठमोठीं राज्यें हतबल होतात. अशा एका प्रसंगीं ज्या गृहस्थानें आपल्या बुद्धीनें मार्ग काढला, त्या हर्मन हॉलरिथ यांची हकीकत आम्ही आज आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों. गणकयंत्रांच्या इतिहासांत त्यांचें नांव ठिकठिकाणीं आढळतें. पण तें यंत्र ज्या मनुष्याच्या डोक्यांतून निघालें तो कसा होता, हें आमच्यांतील थोड्यांसच ठाऊक असेल.

हर्मनचा जन्म अमेरिकेंतील न्यूयॉर्क संस्थानांत बफलो या गांवीं ता. २९ फेब्रुवारी १८६० रोजीं झाला. म्हणजे वाढदिवस चार वर्षांनीं एकदां! त्याचे आईबाप जर्मनींतून येऊन तेथें स्थायिक झाले होते. बाप लवकर वारला आणि आईनें स्वतः उद्योग करून मुलांस वाढविलें. हर्मन गणितांत हुशार, परंतु शब्दांचें स्पेलिंग म्हणजे त्याला काळ वाटे. स्पेलिंगचा तास चुकविण्यासाठीं त्यानें एकदां शाळेच्या खिडकींतून उडी टाकली, असें त्याच्या चरित्रकारांनीं लिहून ठेविलें आहे. आमच्या बालवाचकांनीं एवढाच भाग तेवढा उचलूं नये! पुढें घरींच शिक्षक ठेवून त्याचा अभ्यास झाला व १८७९ सालीं, अवघ्या एकोणिसाव्या वर्षीं, तो कोलंबिया येथील खाणशास्त्राच्या विद्यालयांतून इंजिनियर होऊन बाहेर पडला. तेथील ट्रोब्रिज नांवाच्या अध्यापकांनीं त्यास आपल्याबरोबर खानेसुमारीच्या कचेरींत नेलें. येथून पुढें त्यांचा उल्लेख आदरानें करणें योग्य होईल.

अमेरिकेच्या राज्यघटनेप्रमाणें दर दहा वर्षांनीं लोकसंख्या मोजावीच लागते; कारण प्रतिनिधि-सभेंत कोणत्या संस्थानाचे किती सभासद, हें त्या आंकड्यावर ठरतें. १८८० सालीं तेथील लोकसंख्या पांच कोटींच्या वर गेली होती. घरोघर फिरून माहिती गोळा करणें कांहीं महिन्यांचें काम. परंतु ती कचेरींत आल्यावर कारकुनांनीं कागदांवर रेघा ओढून मोजावयाची. किती पुरुष, किती स्त्रिया, इतकेंच मोजावयाचें असतें तर निभावलें असतें. पण परदेशांत जन्मलेले, विवाहित, अमुक वयाचे, तमुक धंद्याचे पुरुष किती, असा जोडप्रश्न निघाला कीं तींच पत्रकें पुन्हां पहिल्यापासून चाळावीं लागत. प्रश्न दहा, तर चाळणी दहा वेळां. या रीतीनें १८८० च्या मोजणीचें काम पुरें होण्यास सात-आठ वर्षें लागलीं. लोकसंख्या तर वाढतच होती. आणि पुढच्या मोजणीचे निष्कर्ष त्याच्या पुढची मोजणी येऊन ठेपली तरी हातीं येणार नाहींत, अशी भीति सर्वांस वाटूं लागली.

खानेसुमारींत जन्ममृत्यूच्या आंकड्यांचें खातें डॉक्टर जॉन शॉ बिलिंग्ज यांच्याकडे होतें. हें मोजण्याचें काम एखाद्या यंत्रानें व्हावें, ही कल्पना त्यांनीं तरुण हॉलरिथ यांच्याजवळ बोलून दाखविली. फ्रान्समधील जॅकार्ड याच्या मागावर छिद्रें पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या योगानें नक्षीचें कापड विणलें जाई, तें उदाहरण डॉक्टरांच्या मनांत होतें. यंत्राच्या खटपटींत भागीदार होण्यास मात्र त्यांनीं नकार दिला. दुसरी सूचना हॉलरिथ यांस आगगाडींत मिळाली. त्या काळीं तिकिटें चोरून प्रवास करणारांस आळा घालण्यासाठीं गार्ड तिकिटावर चिमट्यानें भोकें पाडून उतारूचें वर्णन नोंदवी : केस काळे कीं भुरे, डोळे कोणत्या रंगाचे, नाक मोठें कीं लहान. म्हणजे भोंकांच्या जागेवरून माणूस ओळखतां येतो! ही साधी गोष्ट हजारों उतारूंनीं पाहिली होती. तिचा उपयोग एकासच सुचला.

१८८२ सालीं हॉलरिथ यांनीं मॅसॅच्युसेट्स येथील यंत्रविद्येच्या प्रसिद्ध संस्थेंत वर्षभर अध्यापन केलें. पण तेच तेच धडे पुन्हां शिकविणें त्यांस आवडेना. नंतर त्यांनीं पेटंटच्या कचेरींत थोडी नोकरी केली, आगगाडीच्या विजेच्या ब्रेकचाही एक प्रयोग केला. तो कांहीं त्यांस फळला नाहीं.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. १८८४ सालीं त्यांनीं जी पहिली योजना पेटंटसाठीं मांडली, तींत कार्डें नव्हतींच. कागदाची एक लांबच लांब फीत, तिच्यावर एकामागून एक माणसांच्या नोंदीचीं छिद्रें, आणि ती यंत्रांतून सरकवावयाची, अशी ती योजना होती. थोड्याच दिवसांत तिचें व्यंग त्यांच्याच ध्यानांत आलें. समजा, एखाद्या प्रांतांत चिनी रहिवासी मूठभर आहेत व त्यांच्याविषयीं कांहीं जाणावयाचें आहे. त्या मूठभरांसाठीं सबंध प्रांताची फीत, मैलच्या मैल, पहिल्या टोंकापासून शेवटापर्यंत सरकविली पाहिजे. नको असलेल्या लाखों नोंदी डोळ्यांखालून घातल्यावांचून हवी असलेली नोंद भेटावयाची नाहीं, आणि दुसरा प्रश्न विचारला कीं पुन्हां तीच यातायात! तेव्हां त्यांनीं फीत टाकून दिली व माणशीं एक स्वतंत्र कार्ड केलें. स्वतंत्र कार्ड वेगळें काढतां येतें, त्याचे गट पाडतां येतात, एकदां वेगळा काढलेला गट पुढच्या प्रश्नास तयार असतो. आमच्या मतें हॉलरिथ यांचा खरा शोध विजेच्या तारांत नाहीं, तर या बदलांत आहे.

येथें आम्ही थोडें विषयांतर करतों. आज घरोघर जीं गणकयंत्रें आहेत, त्यांच्या पोटांतही हाच प्रश्न आहे. एखाद्या फोल्डरमध्यें लाखभर फाइली असल्या व त्यांतील सर्व पोटफोल्डर धुंडाळावयाचे असले, तर साधी रीत अशी कीं प्रथम नुसतीं नांवें मागवावीं आणि मग एकेका नांवास, तूं फाइल आहेस कीं फोल्डर, असें ऑपरेटिंग सिस्टिमच्या मार्फत विचारीत बसावें. म्हणजे लाख नांवांस लाख फेऱ्या. वास्तविक विंडोज काय किंवा लिनक्स काय, नांव देतांनाच बहुधा त्याची जातही सांगून टाकतात. विचारणारा ती फेंकून देतो व पुन्हां विचारावयास जातो, एवढाच घोटाळा. पायथन या संगणकभाषेंत २०१५ सालीं ही मिळालेली माहिती जपून ठेवण्याची सोय करण्यांत आली. तेव्हां फोल्डर पालथे घालण्याचें काम लिनक्ससारख्या प्रणालींवर सुमारें दोन-तीन पट व विंडोजवर आठ-नऊ पट वेगानें होऊं लागलें. नवें यंत्र नाहीं, नवी शक्ति नाहीं. केवळ दुसरी फेरी वांचविली. तसेंच फाइलीच्या जातीचें. विंडोज सामान्यतः नांवाच्या शेपटावर विश्वास ठेवतें. शेपूट कोणीं बदललें कीं फसगत. युनिक्सच्या परंपरेंत फाइलीच्या आरंभींच्या खुणा पाहून जात ठरविणारी एक आज्ञा आहे. पीएनजी जातीच्या प्रत्येक चित्राचे पहिले आठ बाइट ठरलेले असतात, ते पाहिले कीं नांव कांहींही असो. हॉलरिथ यांच्या कार्डाचा एक कोपरा कापलेला असे. गठ्ठ्यांत एखादें कार्ड उलटें लागलें तर सबंध कार्ड न वाचतांच तें डोळ्यांस दिसावें, हाच त्याचा हेतु.

कार्ड सुमारें साडेसहा इंच लांब व सव्वातीन इंच रुंद असे. बाल्टिमोर शहराच्या मृत्यूंच्या नोंदी मोजण्याचें काम मिळालें, तेव्हां त्यांनीं आगगाडीच्या गार्डासारखा चिमटा घेऊन आपल्याच हातानें छिद्रें पाडलीं. हात भरून आला, आणि चिमटा कांठापलीकडे पोंचत नसल्यामुळें कार्डाचा मधला भाग वायां जाऊं लागला. त्या दुखऱ्या हातांतूनच छिद्रें पाडण्याचें निराळें यंत्र जन्मास आलें : समोर छापील पट्टा, त्यावर टोंक नेऊन दाबलें कीं कार्डावर योग्य जागीं छिद्र.

मोजण्याच्या यंत्राची रचना अशी. कार्ड एका पाटावर ठेवून वरची झडप खालीं ओढावयाची. झडपेस स्प्रिंगवर बसविलेल्या अनेक सुया असत. जेथें छिद्र नाहीं तेथें सुई कार्डास टेकून मागें सरे. जेथें छिद्र असे तेथें ती आरपार जाऊन खालच्या पाऱ्याच्या वाटींत बुडे. पाऱ्याचा स्पर्श झाला कीं विजेचें मंडळ पुरें होई व समोरच्या घड्याळासारख्या तबकडीवरील कांटा एक घर पुढें सरके. अशा ४० तबकड्या एकाच वेळीं मोजीत. घंटा वाजली म्हणजे कार्ड बरोबर वाचलें गेलें असें समजावें. शेजारीं खान्यांची एक पेटी असे. त्या माणसाच्या वर्णनास अनुसरून तिच्या एकाच खान्याचें झांकण आपोआप उघडे, आणि मोजणारीनें कार्ड त्यांत टाकलें कीं वर्गवारीही झाली. एका हातासरशीं मोजणी आणि निवड, दोन्ही! या कामावर पुष्कळ स्त्रिया होत्या, हेंही ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

१८८९ सालीं खानेसुमारीच्या अधिकाऱ्यांनीं तीन पद्धतींची परीक्षा घेतली. सेंट लुइस शहरांतील दहा हजारांवर माणसांच्या जुन्या नोंदी तिघांसही दिल्या. माहिती उतरून घेण्यास हॉलरिथ यांच्या रीतीस सुमारें ७२ तास लागले. प्रतिस्पर्ध्यांस ११० व १४४ तास. त्यानंतरच्या मोजणीस हॉलरिथ यांस साडेपांच तास पुरले. इतरांस ४४ व ५५ तासही पुरले नाहींत. निकाल उघड होता. १८९० च्या खानेसुमारीचें काम त्यांस मिळालें. त्याच वर्षीं कोलंबियानें त्यांस डॉक्टरची पदवी दिली, आणि त्याच वर्षीं ल्युशिया टॅलकॉट या कुमारिकेशीं त्यांचा विवाह झाला. एवढें सगळें एका वर्षांत!

एकंदर लोकसंख्या कांहीं महिन्यांतच जाहीर झाली : सहा कोटी सव्वीस लाखांहून कांहीं अधिक. लोकांनीं आनंद मानावा, तर उलटच झालें. देशाचा आंकडा याहून मोठा निघेल अशी पुष्कळांची अपेक्षा होती. वृत्तपत्रांनीं खापर यंत्राच्या डोक्यावर फोडलें. मनास न आवडणारें उत्तर आलें म्हणजे मोजणाऱ्यास दोष देण्याची चाल सर्व देशांत सारखीच! कचेरींतही खोड्या होतच. थोडी विश्रांति मिळावी म्हणून एखादा कामगार वाटींतील पारा हळूच काढून पिकदाणींत टाकी, यंत्र बंद पडे व दुरुस्त करणारा येईपर्यंत आराम, असें सांगतात.

पुढें ऑस्ट्रिया, कॅनडा व १८९७ सालीं रशिया येथील मोजण्याही अशा यंत्रांनीं झाल्या. आपल्याकडे १९०१ च्या खानेसुमारींत यंत्र नव्हतें, पण तत्त्व तेंच आलें : माणशीं एक चिठ्ठी, धर्माप्रमाणें तिचा रंग, आणि चिठ्ठ्या खान्यांत निवडणारे कारकून.

परंतु खानेसुमारी दहा वर्षांनीं एकदां. मधल्या काळांत पोट कशावर भरावयाचें? हॉलरिथ यांनीं आगगाडीच्या कंपन्यांकडे धांव घेतली. न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेच्या मालाच्या बिल्ट्यांचा हिशेब त्यांनीं कार्डांवर आणला व १८९६ सालीं स्वतःची कंपनी काढली. यंत्रें ते विकीत नसत, भाड्यानें देत. येथेंच कलह उत्पन्न झाला. खानेसुमारीचे नवे प्रमुख सायमन नॉर्थ यांस तें भाडें फार वाटलें. सरकारी पैशाची काटकसर करणें हें त्यांचें कर्तव्यच होतें. तर आपल्या बुद्धीचें मोल कमी कां घ्यावें, हा हॉलरिथ यांचा प्रश्न होता. दोघेही आपापल्या परीनें बरोबर होते असें आम्हांस वाटतें. पण हॉलरिथ यांचा स्वभाव तापट, आणि माघार घेणें त्यांस ठाऊक नव्हतें. १९०५ च्या सुमारास संबंध तुटला. पहिल्या पेटंटांची मुदतही १९०६ सालीं संपली. सरकारनें जेम्स पॉवर्स नांवाच्या दुसऱ्या यंत्रकाराच्या साहाय्यानें स्वतःचीं यंत्रें बनविलीं. हॉलरिथ न्यायालयांत गेले व हरले. ज्या कचेरीनें त्यांस नांव दिलें, तिच्यांतच १९१० सालीं त्यांस जागा उरली नाहीं.

प्रकृतिही बिघडूं लागली होती. १९११ सालीं त्यांनीं कंपनी विकली. त्यांच्या वांट्यास दहा लाख डॉलरांच्या वर रक्कम आली. ती इतर कंपन्यांत मिळून जी मोठी संस्था झाली, तिचेंच नांव १९२४ सालीं आय. बी. एम. असें ठेवण्यांत आलें. त्याच कार्डांवर पुढें अर्धशतक जगाचे पगार, विम्याचे हप्ते व गणकयंत्रांच्या आज्ञाही लिहिल्या गेल्या. आणखीही एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९३३ सालीं नाझी सत्तेखालीं जर्मनींत जी खानेसुमारी झाली, तींतही हींच यंत्रें होतीं, आणि माणसाचा धर्म कोणता याचेंही एक छिद्र कार्डावर होतें. छिद्रास आपण कशासाठीं पाडलें जात आहों हें कळत नसतें. हॉलरिथ तें पाहण्यास हयात नव्हते.

त्यांचीं शेवटचीं वर्षें व्हर्जिनियांतील शेतीवाडींत, गाई व नौका यांच्या नादांत गेलीं. सहा मुलांचा संसार, उत्तम चिरूट, आणि मांजरांची विलक्षण आवड. १९२१ पर्यंत ते कंपनीस सल्ला देत. पण नव्या व्यवस्थापकांशीं त्यांचें सहसा जमलें नाहीं. ता. १७ नोव्हेंबर १९२९ रोजीं वॉशिंग्टन येथें हृदयविकारानें त्यांचें निधन झालें. तेथीलच जॉर्जटाउन भागांत ओक हिल स्मशानभूमींत त्यांस मूठमाती देण्यांत आली.