संगणकाशिवाय संगणकाचा डाव! ॲलन ट्युरिंग यांनी हे कसे केले?

लंडनमध्ये १९१२ साली जन्मलेले गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी महायुद्धात जर्मनीचे एनिग्मा संदेश उलगडण्यात मोठी कामगिरी केली. यंत्र चुकले म्हणून त्याला नापास करू नका, माणसासारखी शिकण्याची संधी द्या, असे त्यांनी १९४७ च्या व्याख्यानात मांडले.

त्यांचा बुद्धिबळ प्रोग्राम संगणकावर पूर्ण उतरलाच नाही. म्हणून १९५२ मध्ये मँचेस्टरला ॲलिक ग्लेनी यांच्याविरुद्ध ते स्वतःच संगणक बनले. चाल आपली नाही, कागदावरच्या आकडेमोडीतून निघेल ती. एकेका चालीला सुमारे अर्धा तास लागे. स्पर्धेचे घड्याळ असते, तर वेळ संपूनच हरले असते. प्रोग्राम २९ चालींत हरला.

त्याच वर्षी समलैंगिक संबंधांवरून न्यायालयाने ट्युरिंग यांना दोषी ठरवले. १९५४ मध्ये, ४१व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ब्रिटनची माफी आली ती २०१३ मध्ये.