रेव्हरंड हेन्री मार्टिन

इ. स. १८११ च्या फेब्रुवारी महिन्यात कलकत्त्याहून निघालेले एक जहाज गोव्यावरून मुंबई बंदरास लागले. त्यावरील उतारूंपैकी एक मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन साहेब होत. ते पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट म्हणून पुण्यास चालले होते, व पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. त्यांचे नाव आमच्या वाचकांच्या कानावर आहेच. दुसरे एक उतारू नुकतीच तिशी गाठलेले, कृश, क्षयाने पोखरलेले पाद्री होते. त्यांस मुंबईत राहावयाचे नव्हते. इराणात जावयाचे होते. हे हेन्री मार्टिन. त्यांचे चरित्र आज थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे.

मार्टिन ह्यांचा जन्म ता. १८ फेब्रुवारी १७८१ रोजी इंग्लंडातील कॉर्नवॉल प्रांती ट्रूरो गावी झाला. आई ते तान्हे असतानाच वारली. वडील पूर्वी खाणीत काम करीत. पुढे एका व्यापाऱ्याच्या पेढीवर मुख्य कारकून झाले. मुलगा बुद्धीने तीव्र, पण स्वभावाने फार तापट. एकदा रागाच्या भरात त्याने मित्रावर सुरी फेकली; नेम चुकला आणि सुरी भिंतीत रुतली. सन १८०० च्या जानेवारीत वडील अकस्मात मरण पावले, तेव्हा केंब्रिज येथे शिकत असलेल्या ह्या तरुणास प्रथमच मरणाचा विचार शिवला, व तो पवित्र शास्त्र वाचू लागला. पुढच्याच वर्षी विद्यापीठाच्या गणिताच्या परीक्षेत त्याचा सर्वांत पहिला नंबर आला. ज्यासाठी इतकी वर्षे दिवा जाळला ते हाती आले, पण त्यात काही सार आढळेना.

मार्टिन ह्यांच्या मनात वकिली करावयाची होती. परंतु चार्ल्स सिमियन नामक केंब्रिजच्या पाळकांनी हिंदुस्थानात विल्यम केरी करीत असलेल्या सेवेविषयी सांगितले ते त्यांनी ऐकले. त्याच सुमारास अमेरिकेतील मूळच्या रहिवाशांत सुवार्ता सांगणाऱ्या डेव्हिड ब्रेनर्ड ह्यांचे चरित्र त्यांच्या हाती पडले. ब्रेनर्ड १७४७ साली क्षयाने वारले, तेव्हा ते अवघे २९ वर्षांचे होते. ह्या पुस्तकाने मार्टिन ह्यांची झोप उडविली. क्षय त्यांच्याही घरात शिरलेला होता, आणि आयुष्याची दोरी आखूड आहे हे त्यांस उमगले होते.

येथे पुष्कळ चरित्रकार घाईने पुढे जातात. आम्हांस तसे करवत नाही. निश्चय झाला म्हणून मार्टिन ह्यांचे मन स्थिर झाले नाही. लिडिया ग्रेनफेल ही त्यांच्याच प्रांतातील, वयाने सहा वर्षांनी मोठी, देवभीरू स्त्री. तिच्यावर त्यांचे अतिशय प्रेम होते. विवाह करावा की एकटे जावे, बहिणींस मागे टाकावे की न टाकावे, ही गोष्ट प्रभूची आज्ञा आहे की आपल्याच मनाचा खेळ, ह्या तळमळीने त्यांच्या रोजनिशीची पाने भरली आहेत. सन १८०४ त वडिलोपार्जित पैसा बुडाला, व धाकट्या बहिणीच्या निर्वाहाचा भार अंगावर पडला. तेव्हा मिशनरी म्हणून न जाता ईस्ट इंडिया कंपनीचे पगारी पाद्री होऊन जाण्याचे ठरले. सुगी झाल्यावर, मग मुलीच्या लग्नानंतर, मग पुढच्या सालावर ढकललेले संकल्प आम्हा सर्वांच्या घरी आहेत. म्हणून ह्या रोजनिशीस हसण्याचा अधिकार आम्हांस नाही.

सन १८०५ च्या जुलैत त्यांचे जहाज पोर्टस्मथहून निघाले, परंतु ताफा अनपेक्षितपणे कॉर्नवॉलच्या फालमथ बंदरात थांबला. निरोप घेऊन आलेला मनुष्य पुन्हा आपल्याच दारी! मार्टिन लिडियास भेटावयास गेले. ऑगस्टच्या १० तारखेस ते तिच्यापाशी बसले असता निरोप आला की ताफा शिडे उभारीत आहे. ते तसेच उठले आणि धावपळीने कसेबसे जहाजावर पोहोचले. पुन्हा उभयतांची गाठ पडली नाही. हिंदुस्थानातून त्यांनी लग्नासाठी पत्र पाठविले. त्याचा नकार १८०७ च्या ऑक्टोबरात त्यांच्या हाती आला.

दानापूर व कानपूर येथे फौजेची उपासना चालवून उरलेला सर्व वेळ ते भाषांतरास देत. हिंदुस्थानी भाषेतील त्यांचा नवा करार १८१४ साली श्रीरामपुरास छापून निघाला. कानपुरास दर रविवारी भिकाऱ्यांचा जमाव त्यांच्या अंगणात भरे. कधी कधी आठशेपर्यंत लोक असत. महारोगी, आंधळे, फकीर ह्यांस धान्यपैसा देऊन ते शुभवर्तमान सांगत. शेजारच्या बागेतून काही तरुण मुसलमान थट्टा करावयास ऐकत असत. त्यांपैकी शेख सालिह ह्यांचा १८११ त कलकत्त्यास बाप्तिस्मा झाला. अब्दुल मसीह ह्या नावाने त्यांनी आग्र्यास पुष्कळ वर्षे सेवा केली. त्यांच्या बाप्तिस्म्याच्या वेळी मार्टिन हिंदुस्थानात नव्हते.

दोन्ही बहिणी वारल्याची पत्रे त्यांस ह्याच देशात मिळाली. स्वतःच्या छातीत दुखू लागले, आवाज बसला. विश्रांतीसाठी स्वदेशी जावे की फारशी भाषांतर सुधारण्यास इराणात जावे, हा प्रश्न उभा राहिला. डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती त्यांनी अधिक मानावयास हवी होती असे आमचे प्रामाणिक मत आहे. शरीरही देवाचेच दान आहे. पण ह्या वेळी ते फार काळ डळमळले नाहीत.

मुंबईस सर जॉन माल्कम ह्यांनी ओळखपत्रे दिली. मार्टिन बुशायर बंदरी उतरले. तेथून शिराजच्या वाटेवर तंबूत उष्णमान १२६ अंशांवर गेले, तेव्हा ओल्या कपड्यांत स्वतःस गुंडाळून त्यांनी जीव वाचविला. शिराजमध्ये मिर्झा सय्यद अली ह्यांच्या साहाय्याने १८१२ च्या फेब्रुवारीत नवा करार पुरा झाला, व मागून स्तोत्रसंहिता. मौलवी वादास येत. मार्टिन आजारी असूनही त्यांस परत पाठवीत नसत. ग्रंथ शहास अर्पण करण्यासाठी ते उत्तरेकडे निघाले, परंतु तब्रीझ येथे तापाने दोन महिने पडून राहिले. इंग्रज वकील सर गोर ऊसली व त्यांच्या पत्नीने त्यांची शुश्रूषा केली, आणि ऊसली साहेबांनीच पुढे तो ग्रंथ शहापुढे ठेवविला. १८१५ साली तो सेंट पीटर्सबर्ग येथे छापला गेला.

घरी जाऊन लिडियास भेटावे ही आशा मनात धरून मार्टिन तेराशे मैलांवरील कॉन्स्टँटिनोपलची वाट घोड्यावर चालू लागले. बरोबरच्या तार्ताराने दया न दाखविता त्यांस दौडवीत नेले. ता. ६ ऑक्टोबरास रोजनिशीत शेवटची ओळ लिहिली गेली. १६ तारखेस तोकात गावी, परक्यांत, ३१ वर्षांच्या वयात त्यांचा अंत झाला. तेथील आर्मेनियन ख्रिस्ती लोकांनी त्यांस मूठमाती दिली.

त्याच महिन्यात कलकत्त्यास काढविलेले मार्टिन ह्यांचे चित्र इंग्लंडात सिमियन ह्यांच्याकरिता येऊन पोहोचले. खोक्यातून बाहेर निघालेला तो खंगलेला चेहरा पाहून वृद्ध होत चाललेल्या त्या पाळकांस तेथे उभे राहवेना. त्यांनी ते जेवणाच्या खोलीत शेगडीवर टांगले, आणि १८३६ त मरेपर्यंत ते तेथेच होते. जेवावयास आलेल्या पाहुण्यांस ते दाखवीत, आणि हे डोळे वेळ व्यर्थ दवडू नको म्हणून आपणाकडे रोखून पाहतात असे सांगत. आपण व्यर्थ दवडणार नाही असे त्या चित्रास हसतमुखाने कबूल करीत, आणि मग पुढच्या बोलण्याकडे वळत.