आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी

सफरचंदाची फोड थोडा वेळ उघडी राहिली की तपकिरी पडते. संत्र्याची मात्र पडत नाही. असे का व्हावे, हा प्रश्न हंगेरीतील जीवरसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी (१८९३–१९८६) यांच्या मनात घर करून बसला. हवेतील प्राणवायूमुळे होणारी ही हानी थोपवून धरणारे काही द्रव्य संत्र्यात असले पाहिजे, असा त्यांचा तर्क होता. केंब्रिज येथे त्यांनी ते वेगळेही केले. पण मिळे ते अगदी चिमूटभर. पुढे अमेरिकेतील कत्तलखान्यांतून जनावरांच्या ग्रंथी आणून वर्षभर खपल्यावर हाती आले सुमारे २५ ग्रॅम!

१९३२ साली सेगेद येथे गिनीपिगांवर प्रयोग झाले. स्कर्व्हीपासून, म्हणजे पूर्वी हजारो खलाशांचे बळी घेणाऱ्या रोगापासून, वाचवणारे क जीवनसत्त्व ते हेच, असे सिद्ध झाले. परंतु पुढील संशोधनासाठी द्रव्यच उरले नव्हते.

एके रात्री पत्नीने जेवणात ताजी लाल पाप्रिका मिरची वाढली. ती खाण्याची त्यांना इच्छा नव्हती. पण तसे सांगावे कसे? तोच, ही मिरची आपण कधी तपासलीच नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. मिरची घेऊन ते प्रयोगशाळेत गेले. मध्यरात्रीपर्यंत उलगडा झाला : तिच्यात ते द्रव्य विपुल होते. सेगेद तर या मिरचीसाठीच प्रसिद्ध! काही आठवड्यांतच किलोभराहून अधिक जीवनसत्त्व तयार झाले. ते स्वतःपाशी न साठवता त्यांनी इतर शास्त्रज्ञांना वाटून टाकले.

१९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचे सुवर्णपदक त्यांनी १९४० साली युद्धग्रस्त फिनलंडला देऊन टाकले.