मारियाबाईंचे सात आकडे

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्गाला अणुकेंद्राचे प्रकरण शिकवताना दरवर्षी मी फळ्यावर सात आकडे लिहिते : २, ८, २०, २८, ५०, ८२ आणि १२६. अणुकेंद्रातील प्रोटॉनांची किंवा न्यूट्रॉनांची संख्या यांपैकी एक असली की ते केंद्र विशेष स्थिर असते आणि आकाराने गोल असते, असे सांगून मी पुढच्या प्रकरणाकडे वळते. गेल्या वर्षी मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले की, हे सगळ्याच अणुकेंद्रांना लागू आहे का? मी हो म्हणाले. घरी येऊन पुस्तके चाळली तेव्हा आपण चुकीचे उत्तर दिले हे कळले. ती चूक दुरुस्त करण्याच्या खटपटीत हे आकडे ज्यांनी उलगडले त्या मारिया गोपर्ट मेयर यांचे चरित्र हाती लागले. इतकी वर्षे त्यांचे नाव मी एका वाक्यात उरकत होते, याची लाज वाटली.

मारियाबाईंचा जन्म २८ जून १९०६ रोजी काटोवित्स येथे झाला. हे गाव तेव्हा जर्मनीत होते, आज पोलंडमध्ये आहे. वडिलांच्या घराण्यात सहा पिढ्या प्राध्यापकी चालत आलेली. एकुलत्या एका मुलीने नुसती गृहिणी होऊन राहू नये, अशी बालरोगतज्ज्ञ असलेल्या वडिलांची इच्छा होती. १९१० मध्ये कुटुंब ग्योटिंगेनला आले. हिल्बर्टसारखा गणिती तिथे घरोब्यातला. १९२४ मध्ये त्या विद्यापीठात गेल्या त्या गणितासाठी. पण माक्स बोर्न यांच्या सहवासात पदार्थविज्ञानाकडे वळल्या. १९३० मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. एक अणू प्रकाशाचे दोन कण एकाच वेळी शोषू शकेल, हा त्या प्रबंधाचा विषय. प्रयोगाने ते सिद्ध व्हायला लेसरचा शोध लागावा लागला आणि १९६१ साल उजाडावे लागले.

वडील १९२७ मध्ये वारले. आईने घरात भाडेकरू ठेवले होते, त्यांपैकी एक अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ जोसेफ मेयर. १९३० मध्ये दोघांचे लग्न झाले आणि ती बाल्टिमोरला गेली. तिथल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पतीला नोकरी मिळाली; नवरा-बायको दोघांनाही एकाच संस्थेत घ्यायचे नाही, या नियमामुळे पत्नीला मिळाली नाही. जर्मन पत्रव्यवहार सांभाळण्याचे किरकोळ काम आणि बसायला जागा, एवढेच त्यांच्या वाट्याला आले. तरी त्या शिकवीत होत्या, विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करीत होत्या. १९३५ मध्ये त्यांनी एकाच अणुकेंद्रातून एकदम दोन इलेक्ट्रॉन बाहेर पडण्याच्या क्रियेचे गणित मांडले. पुढे न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात तोच प्रकार. त्यांची पहिली पगारी अध्यापकाची जागा डिसेंबर १९४१ मधली, सारा लॉरेन्स कॉलेजातली, आणि तीही अर्धवेळ! तेव्हा त्या पस्तीस वर्षांच्या होत्या. युद्धकाळात युरेनियमचे समस्थानिक वेगळे करण्याच्या कामावर त्या होत्या. १९४६ मध्ये शिकागो विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकपद दिले, पण बिनपगारी.

आपल्याकडे अशा ठिकाणी निष्काम सेवा म्हणून हात जोडण्याची रीत आहे. मला ती पटत नाही. मी स्वतः काही वर्षे तासांच्या हिशेबाने शिकविले आहे. महिनाअखेर मानधनाची वाट पाहताना विषयावरचे प्रेम कमी होत नाही हे खरे. पण त्या प्रेमाचा हवाला देऊन पगार न देणाऱ्याचे त्यामुळे समर्थन होत नाही. असो.

पगार दिला तो शिकागोजवळ नव्याने निघालेल्या आर्गॉन प्रयोगशाळेने. एकेकाळचा त्यांचाच विद्यार्थी रॉबर्ट सॅक्स याने त्यांना तिथे अर्धवेळ कामावर बोलावले. अणुकेंद्राचे शास्त्र त्यांना फारसे येत नव्हते. ते त्या चाळिशीत शिकल्या. एडवर्ड टेलर यांच्याबरोबर मूलद्रव्यांच्या उत्पत्तीचा विचार करताना कोणते समस्थानिक विश्वात किती आढळतात, याचे तक्ते त्यांच्यापुढे होते. काही आकडे पुन्हा पुन्हा डोके वर काढीत. कथिलाच्या केंद्रात ५० प्रोटॉन असतात आणि त्याचे दहा स्थिर समस्थानिक आहेत; शेजारच्या अँटिमनीचे दोनच. असे काहीतरी आहे हे पूर्वी एल्सासरनेही दाखविले होते, पण कोणी फारसे मनावर घेतले नव्हते. यूजीन विग्नर यांनी तर थोड्या थट्टेनेच या आकड्यांना जादूचे आकडे म्हटले. मारियाबाईंनी १९४८ मध्ये पुराव्यांची रासच मांडली.

पुरावा झाला, कारण सापडेना. अणूतील इलेक्ट्रॉनांप्रमाणे केंद्रातील कणही कवचाकवचांत बसतात असे मानून गणित केले, तर २, ८, २० बरोबर येत. पुढे मात्र ४०, ७०, ११२ असे भलतेच आकडे येत. एके दिवशी एन्रिको फेर्मी त्यांच्याशी याच विषयावर बोलत होते. फोन आला म्हणून उठले आणि दारातून जाता जाता त्यांनी विचारले, कणाचे स्वतःभोवती फिरणे आणि कक्षेत फिरणे यांच्या परस्परसंबंधाची काही खूण दिसते का? फेर्मी परत येईतो मारियाबाईंचे कोडे सुटले होते.

मुलीला त्यांनी ते नाचाच्या उदाहरणाने समजावले. वॉल्ट्झ नाचणारी जोडपी दालनाभोवती फेर धरतात आणि स्वतःभोवतीही गिरक्या घेतात. आपण फुगडी घालत घालत रिंगण धरले असे समजा! काहींची गिरकी रिंगणाच्या दिशेची, काहींची उलट. दोघांना श्रम सारखे पडत नाहीत. तसाच फरक केंद्रातील कणांच्या ऊर्जेत पडतो, आणि तो मोठा असतो. त्यामुळे वरच्या कवचातील काही जागा खाली उतरतात आणि बेरीज २८, ५०, ८२, १२६ अशी बरोबर जुळते. जर्मनीत हाक्सेल, येन्सेन आणि सूस यांनाही स्वतंत्रपणे हेच उत्तर मिळाले. दोन्हीकडची टिपणे १९४९ मध्ये एकाच नियतकालिकात मागेपुढे प्रसिद्ध झाली. येन्सेनचा हेवा करण्याऐवजी मारियाबाईंनी त्यांच्याबरोबर ग्रंथ लिहिला. तो १९५५ मध्ये निघाला.

पूर्ण पगाराचे प्राध्यापकपद १९६० मध्ये सॅन दिएगोला मिळाले, आणि तिथे पोचल्यावर थोड्याच दिवसांत पक्षाघाताचा झटका आला. १९६३ चे नोबेल पारितोषिक त्यांना येन्सेन आणि विग्नर यांच्यासमवेत मिळाले. विग्नर यांचा वाटा वेगळ्या संशोधनासाठी होता. मादाम क्युरींनंतर पदार्थविज्ञानात हा मान मिळालेल्या त्या दुसऱ्या स्त्री. तिसरी २०१८ मध्ये झाली. २० फेब्रुवारी १९७२ रोजी मारियाबाई निवर्तल्या.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. मारियाबाईंचे तक्ते मुख्यतः निसर्गात टिकून राहणाऱ्या अणुकेंद्रांचे होते. मिठातल्या सोडियममध्ये ११ प्रोटॉन आणि १२ न्यूट्रॉन असतात. न्यूट्रॉन २० पर्यंत वाढविले तर कवच भरते, म्हणून ते केंद्र गोल असायला हवे. पण ते सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतकेही टिकत नाही, मोजायचे कसे? १९७५ मध्ये जिनिव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेत कॅथरिन तिबो, रोबेर क्लापिश आणि सहकाऱ्यांनी अशा सोडियमचे वस्तुमान मोजले. त्याचे कण अपेक्षेपेक्षा अधिक घट्ट बांधलेले निघाले. जणू केंद्र गोल नव्हतेच, लांबट होते.

एवढ्या लहान वस्तूचा फोटो निघत नाही. आकार ओळखायचा तो तिला डिवचून. भरल्या कवचाच्या गोल केंद्राला जागे करायला पुष्कळ ऊर्जा लागते. लांबट केंद्र थोडक्यात गिरकी घेऊ लागते. १९९५ मध्ये जपानच्या रिकेन संस्थेत मोतोबायाशी आणि सहकाऱ्यांनी मॅग्नेशियम-३२ ची केंद्रे प्रकाशाच्या सुमारे एक-तृतीयांश वेगाने शिशाच्या पत्र्यावर सोडली. शिशाच्या केंद्राजवळून जाताना त्याच्या विद्युतभाराचा झटका बसून काही केंद्रे गिरकी घेत आणि शांत होताना गॅमा किरण टाकीत. किती केंद्रांनी किरण टाकले, यावरून लांबटपणा काढता आला, आणि तो चांगलाच मोठा होता. न्यूट्रॉन २० असूनही! प्रोटॉन कमी झाले की कवचांमधील अंतर घटते आणि न्यूट्रॉन वरच्या कवचात उडी घेतात, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. म्हणजे कवचांची कल्पना टिकली; आकडे मात्र सर्वत्र तेच राहिले नाहीत.

पुढच्या तासाला माझे आधीचे उत्तर चुकले होते, हे मी वर्गात सांगितले. त्या मुलीला मॅग्नेशियम-३२ चा आकडा दिला : गिरकीसाठी ८८५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. तेवढेच न्यूट्रॉन आणि दोनच प्रोटॉन जास्त असलेल्या सिलिकॉन-३४ चा किती, असे तिने विचारले. मी सांगितले, सुमारे ३३००. तिने दोन्ही आकडे वहीच्या समासात एकाखाली एक लिहून घेतले.