लक्ष्मणराव किर्लोस्कर : नांगरातून घडलेले उद्योगजीवन

प्रास्ताविक

चरित्र वाचताना आपले लक्ष बहुधा यशाकडे जाते. कारखाना किती मोठा झाला, माल कोठवर गेला, कोणता मान मिळाला, हे आपण लक्षात ठेवतो. परंतु चरित्रनायकाची खरी ओळख पटते ती त्याने घेतलेल्या निर्णयांतून. वाट बंद झाली तेव्हा त्याने काय केले, कोणाचा हात धरला आणि कशाशी तडजोड केली नाही, हे पाहावे लागते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या जीवनाचा परिचय आपण या दृष्टीने करून घेणार आहोत. आपल्यापैकी अनेक जण नोकरी, शेती किंवा संसार सांभाळून शिकत आहात. ठरलेली वाट मध्येच सोडावी लागणे म्हणजे काय, हे आपणांस वेगळे सांगण्याची गरज नाही.

पहिली वाट बंद होते

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील वेदान्ताचे अभ्यासक होते आणि घरातील वातावरण विद्याव्यासंगाचे होते. लक्ष्मणरावांचे मन मात्र शाळेच्या पुस्तकांपेक्षा चित्रांत व यंत्रांत रमे. थोरले बंधू रामुअण्णा यांनी हा कल ओळखला आणि त्यांच्या आधाराने लक्ष्मणराव १८८५ मध्ये मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

तेथे एक अनपेक्षित अडचण उभी राहिली. काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांना नीट कळत नव्हता. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणाला याहून मोठा धक्का कोणता असेल? त्यांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. यंत्रांच्या आराखड्यांचे रेखाटन ते शिकले आणि त्या बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. मोकळ्या वेळेत तेथील कार्यशाळेत ते यंत्रे हाताळीत आणि परदेशी तांत्रिक नियतकालिके वाचीत. पुढील कारखानदाराचे खरे शिक्षण असे झाले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी : आपला पहिला कल चुकीचा होता असे त्यांनी मानले नाही. त्यातील उरलेले कौशल्य त्यांनी दुसऱ्या कामी लावले.

नोकरीचा त्याग

नोकरी करीत असतानाच दोघा भावांनी सायकलींचा व्यापार सुरू केला. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि रामुअण्णा बेळगावात त्या विकीत. १८८८ हे किर्लोस्कर बंधूंच्या व्यवसायाचे आरंभवर्ष मानले जाते. पुढे संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन व्यक्तीस देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले.

हा निर्णय केवळ रागाच्या भरात घेतलेला नव्हता, हे समजून घेतले पाहिजे. हाती कसब होते, भावाची साथ होती आणि लहानसा का होईना, व्यापार चालू होता. अपमानाने निमित्त दिले, परंतु त्या निमित्ताला उपयोगी पडेल अशी तयारी आधीच झालेली होती.

नांगर आणि अविश्वास

बेळगावात त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. कडबा बारीक कापून घातला म्हणजे जनावरे तो वाया घालवीत नाहीत, हे शेतकऱ्याला पटण्यासारखे होते. नंतर त्यांनी लोखंडी नांगर घडवला. लाकडी नांगर जमीन उकरतो. लोखंडी नांगर ती खोलवर फोडून उलटी करतो, आणि त्यामुळे हरळीसारख्या चिवट तणाच्या मुळ्या वर येतात.

तरीही नांगर विकला जाईना. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. सुमारे दोन वर्षे तयार माल पडून राहिला. शेतकऱ्याला अडाणी म्हणणे सोपे होते. परंतु ज्याचे सारे वर्ष एका हंगामावर अवलंबून असते, तो नव्या अवजाराला सहजासहजी जमीन देत नाही. लक्ष्मणरावांनी वाट पाहिली, दोष सुधारले आणि नांगराची उपयुक्तता प्रत्यक्ष शेतात दिसेल असा प्रयत्न केला. हळूहळू मागणी वाढू लागली.

कुंडलचा माळ

जम बसू लागला असतानाच दुसरे संकट आले. नगरविस्तारासाठी कारखान्याची जागा सोडावी, असा बेळगाव नगरपालिकेचा आदेश निघाला. या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी मदतीचा हात पुढे केला. बाळासाहेब स्वतः चित्रकार व कलांचे जाणकार होते आणि औंध येथील देवीच्या सभामंडपाचे काम त्यांनी लक्ष्मणरावांकडे सोपवले होते. त्यांनी संस्थानात जागा निवडण्याची मुभा दिली आणि दहा हजार रुपयांचे कर्जही दिले.

लक्ष्मणरावांनी आजच्या सांगली जिल्ह्यातील कुंडल स्थानकाजवळची सुमारे बत्तीस एकर जमीन निवडली. रेल्वे जवळ होती, हा तिचा एक गुण. बाकी सारा निवडुंगाने व्यापलेला, सापांचा वावर असलेला ओसाड माळ होता. मार्च १९१० मध्ये कुटुंबीय व मोजके कामगार यांच्यासह ते तेथे आले. आधी राहण्यापुरता निवारा, मग भट्टी, मग घरे, असे करीत किर्लोस्करवाडी उभी राहिली.

या वसाहतीत माणसांची निवड पदव्या पाहून झाली नाही. शंभोराव जांभेकर, अनंतराव फळणीकर यांसारखे सहकारी काम करता करता घडले. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवरही पहाऱ्याची जबाबदारी टाकण्यात आली. विश्वास टाकला की माणूस बदलतो, ही लक्ष्मणरावांची श्रद्धा होती आणि ती त्यांनी आपल्या मालमत्तेच्या जोखमीवर आचरणात आणली. अस्पृश्यतेला वसाहतीत थारा नसावा, असा त्यांचा आग्रह होता.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड व कोळसा मिळेनासा झाला. तेव्हा जुने लोखंड वितळवून, लोणारी कोळसा वापरून आणि रंगही घरच्या घरी तयार करून काम चालू ठेवले. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी सुरू केलेल्या नियतकालिकाचे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. त्यानंतर ‘स्त्री’ व ‘मनोहर’ ही मासिके निघाली. नांगराच्या कारखान्याने मराठी वाचकालाही घडवले, म्हणून मराठीच्या अभ्यासकास हे चरित्र परके नाही. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील एमआयटीमधून यंत्रशास्त्र शिकून आले आणि त्यांनी उद्योगाचा पुढे मोठा विस्तार केला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले.

समारोप

या चरित्रातून एकट्याच्या पराक्रमाची कथा तयार करणे योग्य होणार नाही. रामुअण्णांची सोबत नसती तर मुंबईचे शिक्षण कठीण होते, आणि बाळासाहेबांचा आश्रय नसता तर १९१० मध्ये कारखाना कदाचित बंद पडला असता. त्या काळी अशी गुणग्राहकता सर्वच उद्यमशील माणसांच्या वाट्याला येत नव्हती, हेही आपण विसरू नये. लक्ष्मणरावांचे मोठेपण असे, की मिळालेला आधार त्यांनी स्वतःपुरता ठेवला नाही. स्वतःला मिळालेली संधी त्यांनी माळावर आलेल्या इतरांनाही दिली.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. रंगभेद न कळण्याच्या अडचणीतून लक्ष्मणरावांनी कोणता मार्ग काढला?
२. लोखंडी नांगराविषयी शेतकऱ्यांना वाटलेली भीती कितपत समजण्याजोगी होती? आपले मत सकारण लिहा.
३. आपल्या परिसरातील एखाद्या कारागिराने किंवा उद्योजकाने घेतलेल्या महत्त्वाच्या निर्णयाची माहिती मिळवा आणि त्यामागे कोणाचा आधार होता, हे दहा ओळींत लिहा.